सुटं चाक

आरोग्यसेविका राजश्री पालीतल्या मुसाच्या गॅरेजात तिसऱ्यांदा आली, ती संतापूनच. तिच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की कोणी दात आवळून कण्हल्यासारखा आवाज यायचा.

"मुसाभाई, रोज घाटी उतरून जाते मी. जमत नसेल तर तसं सांगा."

वीस वर्षांत मुसाला असं कोणी बोललं नव्हतं. त्याने पॅड बदलले होते, डिस्क घासली होती, बेअरिंगही नवीन टाकलं होतं. त्याने डिस्कला पकडणारा कॅलिपर सोडवला, ब्रेकची नळी काढली. पुढचं चाक बाहेर काढून त्याचा एक्सल टेबलावरच्या शिकंज्यात आवळला आणि चाक हाताने फिरवलं. ते बिनआवाज फिरू लागलं.

"आता दाबा लिव्हर," तो म्हणाला. "चाक इथे, गाडी तिथे. मधे कायएक जोडलेलं नाय. आवाज आला तर गॅरेजला टाळं लावीन."

"तुमचा हट्ट बघायला नाही आले मी." राजश्रीने रागाने लिव्हर आवळली.

कण्हणं ऐकू आलं आणि शिकंज्यातलं चाक जागच्या जागी थांबलं.

मुसाने ते फिरवायला हात लावला. हलेना. शिवी हासडून त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलेना. कण्हणं चालूच होतं.

"लिव्हर सोडा, ताई."

"केव्हाच सोडली."

मुसाने वळून पाहिलं. राजश्री गाडीपासून दोन पावलं मागे उभी होती. लिव्हर दाबलेलीच होती आणि हँडलच्या रबरात हळूहळू रुतत चालली होती.