चौथं दार

भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या त्या गावात आपल्या कादंबरीवर बोलायला विश्वंभर आला. त्याचा नायक काळात मागं जातो, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी याच गावाच्या जुन्या वस्तीत उतरतो आणि तीन दारं वाजवून तिथली माणसं बाहेर काढतो. लातुरात कौतुक झालं होतं. इथं कोण काय म्हणेल, याचा नेम नव्हता.

वाचनालयात सरपंच म्हणाले, "झकास लिवलंय." मागून एकजण उठला. "आमच्या मढ्यावर गोष्टी रचायलात," एवढं बोलून निघून गेला.

मग म्हातारी नागुबाई काठी टेकत पुढं आली. "नातीनं समदं वाचून दाखवलं. तीन दारं बरोबर हायेत. चौथं ऱ्हायलं."

"आजी, तो माणूस मी मनानं रचलाय."

"त्या सांजंला मी समोरच्या वट्यावर ज्वारी निवडत बसले व्हते. लेकरं घरात व्हती. त्यो आमच्या दारापशी आला, कडी वाजवायला हात उचलला, आन् तसाच माघारी फिरला."

चौथं दार विश्वंभरनं लिहायला घेतलं होतं. समोरच्या ओट्यावर ज्वारी निवडणारी बाई, कडीकडं गेलेला नायकाचा हात. प्रकरण लांबतंय म्हणून तिथंच सगळं खोडलं होतं. ते पान कुणालाच दाखवलं नव्हतं.

नागुबाईनं त्याचा उजवा हात हातात घेतला आणि निरखून पाहिला.

"दारावर एक थाप मारायची व्हतीस, लेकरा."