वरच्या मजल्यावरची पावलं

“वकीलबाई, पाठवलेली नोटीस परत घेता येते का?” खुर्चीच्या टोकावर बसत घरमालकीणबाईंनी विचारलं.

मी चमकले. महिन्यापूर्वी याच बाई तणतणत आल्या होत्या. वरच्या भाडेकरूंची मुलगी दिवसभर डोक्यावर धावते, तेव्हा जागा खाली करा, असं मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलं होतं.

“अजून त्रास देतात का?”

“छे हो! घरभर सतरंज्या अंथरल्यात. पोरीला लोकरीचे मोजे घातलेत, एवढ्या उकाड्यात. माझ्या दारावरून जाताना आई तिला गप्प करते.” त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “हे गेल्यापासून घरात तेवढाच आवाज होता. थांबल्यावर कळलं.”

मी कोरा कागद ओढला. “कारण काय लिहू?”

“कारण राहू द्या. पोरीचे मोजे काढा, एवढंच लिहा.”