सहा लाल मासे

तीस लिटरच्या टाकीत सहा मासे होते, सहाच्या सहा लालभडक. दुकानदार म्हणाला होता, "ताई, निळे-पिवळे मिसळा, शोभा येते."

"लालच द्या. बाबांची नजर अधू होत चाललीय, पण लाल अजून दिसतो म्हणतात."

कामावरून आली की ती विचारायची, "बाबा, किती आहेत?"

"सहाच! पळून जाणार कुठे?"

रविवारी टाकी धुवायला तिने मासे बादलीत काढले, ताजं पाणी भरलं आणि फडकं आणायला आत गेली. परतली तेव्हा बाबा काचेला नाक लावून बसले होते. तिची चाहूल लागताच हसून म्हणाले, "नव्या पाण्यात बघ कसे खेळताहेत पठ्ठे!"

टाकीत तीस लिटर पाणी होतं. बादलीत सहा मासे होते.