चिमणीचं तोंड

“चिमणीचं तोंड रुंदच ठेवा,” गोरक्षशेठ म्हणाले. “हायवेवरनं नाव वाचता आलं पाहिजे.”

लासलगाव रोडवर त्यांचा कांदा वाळवायचा कारखाना उभा राहत होता. बॉयलरचा केला नसेल एवढा विचार शेठनी चिमणीवरच्या नावाचा केला होता. आणि चिमणीचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअर हर्षालीनं तर नकाशात वरचं तोंड आवळून निम्म्यावर आणलेलं. नाव मावेना म्हटल्यावर शेठचं बिनसलंच.

तिनं पुन्हा समजावलं. रुंद तोंडातून धूर आळशासारखा निघतो, वाऱ्याच्या तावडीत सापडतो आणि चिमणीच्याच पाठीमागे खाली उतरतो. तोंड अरुंद असलं की तोच धूर जोरात सुटतो, वर जातो. सेकंदाला पंधरा मीटर तरी वेग हवा. शेठना हव्या असलेल्या रुंद तोंडातून चारसुद्धा निघत नव्हता.

“पाठीमागे आपलं काहीच नाही,” शेठ म्हणाले.

पाठीमागे अंगणवाडी होती. पोरं बेंबीच्या देठापासून गाणं म्हणत होती, ते इथं केबिनमध्ये ऐकू येत होतं. हर्षालीच्या मस्तकात तिडीक गेली. तिचे साहेब, दीपक सर, तिला डोळ्यांनी दटावत होते. येतानाच द्वारका चौकाच्या सिग्नलला त्यांनी बजावलं होतं, शेठ म्हणतील त्याला मान डोलवायची.

“सही करा मॅडम, आणि मोकळ्या व्हा.” शेठनी रुंद तोंडाचा नकाशा तिच्यापुढे सरकवला.

“नाही करणार.”

“दुसरा कुणीही करेल.”

“करू दे. त्याला आधी तिकडची पोरं दाखवा.”

ती उठलीच. सर मागोमाग धावले. शेठची माफी माग, मी सांभाळून घेतो, असं बरंच काही बोलले. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, हेही बोलले. हर्षालीनं गाडीतून आपली पिशवी तेवढी काढून घेतली आणि कुंपणाला वळसा घालून सरळ अंगणवाडी गाठली.

सेविका चतुराबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“बाई, तुमच्या गावाची ग्रामसभा कधी आहे?”

“सोमवारी हाय. का, ताई?”

पलीकडे सरांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

“मला तिथं बोलायचंय,” हर्षाली म्हणाली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.