उसनी लाठी

सरकारी योजनेतून वस्तीच्या कोपऱ्यावर रोप आलं, आधाराची काठी मात्र आलीच नाही. याच कोपऱ्यावर, समोरच राहणाऱ्या मावशींचा मुलगा चाकूहल्ल्यात गेला होता. रोप वाऱ्याने आडवं व्हायला लागलं, तशा मावशी गस्तीवरच्या हवालदाराला म्हणाल्या, "दादा, दोन दिवस तुमची लाठी द्या." रोजच्या मारामाऱ्यांनी जेरीस आलेला हवालदार कुरकुरत तयार झाला. मावशींनी मुलाच्या निळ्या शर्टाची पट्टी फाडून रोप बांधलं. उन्हाळे सरले. सावली पसरली, सावलीत बाकडं आलं, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारेच त्यावर निवांत पेंगू लागले. आज साहेब तपासणीला येणार म्हणून हवालदार लाठी ओढायला गेला, तर ती हलेना. खोडाने तिला केव्हाच पोटात घेतलं होतं. लाठीचं टोक आणि निळी चिंधी तेवढी दिसत होती. "साहेबांना काय सांगू, मावशी?" खोडावरून हात फिरवत मावशी म्हणाल्या, "सांगा, गरजच पडली नाही."