बायकांची गॅलरी

गॅलरी हातभर पुढं आली आणि कर्रकन वाजून अडकली.

“ओढ रं गड्या! जेवला न्हाईस व्हय?” भाऊसो ओरडले. सिद्धू फिटरनं जोर लावला. क्रीडा मंडळाचे चेअरमन असूनही भाऊसोंनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः हात घातला. गॅलरी ढिम्म. तिला काय, चेअरमन आणि फिटर सारखेच.

इस्लामपूरच्या त्या हॉलमध्ये अशा दोन गॅलऱ्या होत्या. एरवी भिंतीला कपाटासारख्या मिटून उभ्या. ओढल्या की पायरीतून पायरी निघावी तशी बाकं बाहेर यायची. पूर्वेकडची गड्यांची, पश्चिमेकडची बायकांची. हॉल झाल्यापासून गड्यांची गॅलरी दर महिन्याला उघडत होती. बायकांची उघडली ती फक्त उद्घाटनाला, पाहुण्यांना दाखवण्यापुरती.

आणि आज बायका आल्या होत्या. मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता आणि भाऊसोंची मुलगी संयोगिता कॅप्टन. ती गप्प बसते होय! सायकल काढून आसपासची गावं पालथी घातली तिनं. घरोघरी सांगितलं, “हळदीकुंकवाला जाता तशा या. बसायला जागा हाय, आबांनी शब्द दिलाय.” शब्द दिला होता खरा. भाऊसो जेवता जेवता बोलून गेले होते, “बोलीव खुशाल, जागेला काय तोटा!” त्यांना वाटलं, येतंय कोण? पण आल्या. दारात मावेनात इतक्या आल्या. सगळ्यांत पुढं भाऊसोंची बायको बनुबाई, पदर दातात धरून उभी.

समोरची गॅलरी गड्यांनी कधीच भरली होती. तिकडून शिट्ट्या सुरू झाल्या. “भाऊसो, सकाळचं दूध चुकलं काय?” कोणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. सामना खोळंबला होता. पोरीनं सांगितलेला शब्द सगळ्या तालुक्यादेखत खोटा पडत होता. भाऊसोंचा पारा चढला.

“सिद्ध्या, दर साली कुपवाडातनं येतोस, देखभाल करतोस, का झोपा काढून जातोस? बायकांम्होरं अब्रू घालवलीस की रं माझी!”

सिद्धू पालथा पडून गॅलरीखाली शिरला. बाहेर आला तो अंग झटकत, खालमानेनं.

“भाऊसो, खाली चाकंच न्हाईत.”

“न्हाईत? कुनी चोरली?”

सिद्धूनं समोरच्या भरलेल्या गॅलरीकडं बघितलं. “तिकडं हायत. तुमीच म्हणायचासा न्हवं, हिकडची काढ आन् तिकडं बसीव.”

भाऊसोंना लख्ख आठवलं. गड्यांच्या गॅलरीची रबरी चाकं झिजायची. रंगात आलेला सामना असला की माणसं नाचायची तिच्यावर, झिजणारच. नवी चाकं पुण्याहून यायला महिना लागायचा. मग भाऊसोच म्हणायचे, “बायकांच्या बाजूची काढ की! तिकडं कोन बसायला येतंय?” वर हसायचेही. यंदा दोन, पुढच्या साली चार, असं करत सगळी चाकं कधी पलीकडं गेली हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. कशाला राहील? बायकांची बाजू होती ती.

संयोगिता मैदानात रेघेवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती भांडली असती, ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं नुसती मान खाली घातली. चूक तिनंच केल्यासारखी. भाऊसोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि ती कुणावर ढकलावी म्हटलं तर कुणी उरलंही नव्हतं.

त्यांनी माइक हातात घेतला. “मंडळी, ह्या गॅलरीची चाकं चोरानं न्हेली न्हाईत. मीच काढाय लावली. चूक माझी. पाया पडतो, तुमी निम्मी गॅलरी मोकळी करा. आयाभैणींना बसू द्या.”

शिट्ट्या बंद पडल्या. पहिल्या बाकावरचा म्हातारा आकाराम आधी उठला, मग त्याच्या शेजारचे, मग मागून कुरकुरत आणखी काही जण. भाऊसोंना जरा धीर आला. निदान पोरीचा शब्द तरी राहील. ते दाराशी गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी बायकोपुढं हात जोडले.

“चुकलं आमचं. समद्यांना घिऊन तिकडं चल. जागा झालीया.”

चारचौघांत नवऱ्यानं हात जोडलेले बघून बनुबाई पार ओशाळली. तिनं घाईघाईनं काखेतली पोत्याची घडी पुढं केली. मागच्या बायकांनीही आपापल्या घड्या दाखवल्या.

“आवं, काय तरीच! कुनाला उठवू नगासा. पोती आमी घरनंच आणल्यात. ही गॅलरी तेवढी मागं ढकला, म्हंजी हितं भुईवर हातरता येतील. मगाधरनं त्याच्यासाठीच तर उभ्या हाय आमी.”