उसनी चाल

“अक्का, तुझ्या अंगाईची चाल दे की. नव्या नाटकात नवरदेवाच्या ढेरीवर विनोदी पद बसवायचंय.”

बापू नाटक कंपनीसाठी पदे लिहायचा. चालीसाठी तो कुणापुढेही हात पसरायचा.

“माझ्या पोरीच्या अंगाईवर लोकांना हसवणार तू?”

“चालीला कुठं सुतक असतं, अक्का?”

अंगाईचे शब्द अक्कानेच रचले होते. तान्ही लेक तापाने गेल्यापासून तिने ती कधीच म्हटली नव्हती. भावासाठी मात्र डोळे मिटून दोनतीनदा म्हटली.

पहिल्याच प्रयोगात पदाला वन्स मोअर मिळाला. महिन्याभरात नवरदेवाची ढेरी गावाच्या तोंडी बसली. दळताना अक्काही तेच गुणगुणू लागली.

लेकीच्या तिथीला तिने अंगाई सुरू केली, तर ओठांवर ढेरीच आली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच.

तिने भावाला बोलावून घेतले. “बापू, तू ऐकली होतीस ना रे? शब्द सांग. मला आता आठवेनात.”

बापूने पेटीवर चाल बिनचूक वाजवली आणि मान खाली घातली. त्या दिवशी त्याने मात्रा मोजल्या होत्या. शब्द ऐकलेच नव्हते.